पत्त्यांवरची लढाई : ‘मॅजिक’च्या नियमांविषयी वाचकांच्या शंका

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने तो १९९३ साली बाजारात आणला. या खेळाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचे घोडे लढाईपाशीच अडलेले दिसते, म्हणून या वेळचे सदर आम्ही पूर्णपणे लढाईच्या नियमांना दिले आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लढाईची फेज ही एकच एक घटना नसून तिच्यात पाच स्टेप असतात : लढाईचा आरंभ, अटॅकर जाहीर करणे, ब्लॉकर जाहीर करणे, डॅमेज आणि लढाईची समाप्ती. प्रत्येक स्टेपमध्ये दोन्ही खेळाडूंना इन्स्टंट (केव्हाही खेळता येणारा मंत्राचा पत्ता) खेळण्याची किंवा क्रीचरची, म्हणजे लढणाऱ्या प्राण्याच्या पत्त्याची, एखादी क्षमता वापरण्याची संधी मिळते. आमच्याकडे येणाऱ्या वादांचे मूळ पत्त्यावरच्या मजकुरात क्वचितच असते. अमुक पत्ता नेमक्या कोणत्या स्टेपमध्ये खेळला गेला, हे दोघांनीही पाहिलेले नसते, आणि भांडण तिथूनच सुरू होते. पुढील उत्तरांत ‘५/५’ असे लिहिले असेल तेथे पहिला आकडा क्रीचरची पॉवर, म्हणजे ते किती डॅमेज देते, आणि दुसरा आकडा टफनेस, म्हणजे किती डॅमेजने ते मरते, असा वाचावा.

प्रश्न : माझा मुलगा यापूर्वी ‘पोकेमॉन’ आणि ‘यु-गि-ओ’ खेळत असे. ‘मॅजिक’मध्येही तो माझ्या एखाद्या क्रीचरकडे बोट दाखवून ‘याच्यावर अटॅक’ असे म्हणतो. हे चालते का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : चालत नाही. ‘यु-गि-ओ’मध्ये कोणत्या राक्षसावर तुटून पडायचे ते हल्ला करणारा ठरवतो, ‘मॅजिक’मध्ये मात्र अटॅक क्रीचरवर करता येतच नाही, तो समोरच्या खेळाडूवर करायचा असतो. २००७ पासून प्लेन्सवॉकर या प्रकारच्या पत्त्यावर आणि २०२३ पासून बॅटल या प्रकारच्या पत्त्यावरही अटॅक करता येतो, पण क्रीचर त्या यादीत नाही. कोणत्या अटॅकरला कोणी अडवायचे, किंवा अडवायचेच नाही, हा निर्णय सर्वस्वी बचाव करणाऱ्याचा असतो. त्यामुळे आपले नाजूक पण उपयोगी क्रीचर मागे ठेवून दुसऱ्याला पुढे करणे आपल्या हाती राहते, आणि या खेळातील लढाईची बरीचशी गंमत याच एका उलटफेरात आहे.

प्रश्न : प्रतिस्पर्ध्याने ४/४ क्रीचरने अटॅक केला. माझ्याकडे क्रीचर टॅप करण्याची, म्हणजे त्याचा पत्ता आडवा करण्याची, क्षमता होती, ती मी लगेच त्याच क्रीचरवर वापरली. तरीही मला ४ डॅमेज बसले असे तो म्हणतो. टॅप झालेले क्रीचर अटॅक करूच शकत नाही ना? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आपला प्रतिस्पर्धी बरोबर आहे. टॅप झालेल्या क्रीचरला अटॅकर म्हणून जाहीर करता येत नाही, हे खरे. पण जाहीर झालेला अटॅकर नंतर टॅप केल्याने लढाईतून बाहेर पडत नाही. नीट पाहिले तर ‘व्हिजिलन्स’ नसलेले प्रत्येक क्रीचर अटॅक जाहीर होताच आपोआप टॅप होतेच, म्हणजे आपण टॅप केलेले क्रीचर बहुधा आधीच टॅप झालेले होते. जाहीर झालेला अटॅकर लढाईतून बाहेर पडतो तो टेबलावरून गेला तर, त्याचा ताबा दुसऱ्या खेळाडूकडे गेला तर, ते क्रीचरच राहिले नाही तर, किंवा एखादा पत्ता तसे स्पष्ट सांगत असेल तर. त्यामुळे अटॅक जाहीर झाल्यावर टॅप करणे म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, असा प्रकार झाला.

ही क्षमता वापरण्याची योग्य वेळ म्हणजे लढाईच्या आरंभाची स्टेप. त्याआधी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य फेजमध्येच, आपण टॅप केले तर तो ‘हेस्ट’ असलेले (उतरताच अटॅक करू शकणारे) नवे क्रीचर उतरवून त्या जागी त्यानेच अटॅक करू शकतो. आरंभाच्या स्टेपमध्ये टॅप केले तर लढाई संपेपर्यंत त्याला नवे क्रीचर सहसा उतरवता येत नाही, आणि टॅप केलेल्या क्रीचरने अटॅकही करता येत नाही. अडचण अशी की घरगुती खेळात ही स्टेप कोणी उच्चारतच नाही, ‘अटॅक’ म्हणून लगेच पत्ते आडवे केले जातात. प्रतिस्पर्ध्याने ‘कॉम्बॅट’ असे म्हणून क्षणभर थांबावे, असे खेळाला बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. स्पर्धांमध्येही कोणी मुख्य फेजमधून पुढे जात असल्याचे सांगितले की समोरचा खेळाडू सामान्यतः लढाईच्या आरंभी कृती करत आहे असेच धरले जाते.

याच पत्रात आपण विचारले आहे की, टॅप झालेला ब्लॉकर डॅमेज देत नाही असे आपले काका सांगतात, ते खरे का? एकेकाळी ते खरे होते. १९९९ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपूर्वी टॅप झालेला ब्लॉकर डॅमेज देत नसे. त्यानंतर तो नियम रद्द झाला. आज ब्लॉक जाहीर करतेवेळी क्रीचर अनटॅप असले म्हणजे पुरे, पुढे ते टॅप झाले तरी डॅमेज पूर्ण देते. काकांनी नव्वदीच्या दशकात खेळ शिकला असावा.

प्रश्न : मी ३/३ने अटॅक केला, प्रतिस्पर्ध्याने १/१ने ब्लॉक केले. मी ‘लाइटनिंग बोल्ट’ खेळून तो ब्लॉकर मारला. आता वाट मोकळी असताना माझे ३ डॅमेज त्याला का बसू नयेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण ब्लॉकर मेला तरी आपला अटॅकर ‘ब्लॉक झालेला’ हा शिक्का घेऊनच उरतो. ब्लॉकर जाहीर होण्याच्या क्षणी प्रत्येक अटॅकर एकतर ब्लॉक झालेला ठरतो किंवा न झालेला, आणि त्यानंतर टेबलावर काहीही घडले तरी ब्लॉकर नाहीसा होण्याने हा निवाडा फिरत नाही. ब्लॉक झालेला अटॅकर आपले डॅमेज फक्त त्याला अडवणाऱ्या क्रीचरना देऊ शकतो. असे एकही क्रीचर उरले नसेल तर तो कोणालाच काही देत नाही. आपण ‘बोल्ट’चे ३ डॅमेज आणि अटॅकरचे ३ डॅमेज असे दोन्ही एका १/१ क्रीचरवर खर्च केले, असे म्हणावे लागेल.

‘ट्रॅम्पल’, म्हणजे ब्लॉकरला मारून उरलेले डॅमेज पलीकडच्या खेळाडूला देण्याची क्षमता, हा याला मोठा अपवाद आहे. ट्रॅम्पल असलेल्या अटॅकरचा ब्लॉकर नाहीसा झाला तर त्याचे सर्व डॅमेज खेळाडूकडे जाते. आपल्या ३/३ला ट्रॅम्पल असते तर आपला हिशेब अचूक ठरला असता. अर्थात ट्रॅम्पल असताना १/१ ब्लॉकरला मारण्यासाठी ‘बोल्ट’ खर्च करण्याची फारशी गरजच नव्हती, कारण २ डॅमेज तसेही पलीकडे गेले असते.

याच नियमाचा फायदा बचाव करणाऱ्याला कसा होतो तेही पाहावे. समजा, समोरून ७/७ येत आहे आणि आपल्याजवळ बळी देऊन काही मिळवता येईल असे १/१ क्रीचर आहे. आपण त्याने ब्लॉक करावे, ब्लॉक जाहीर झाल्यावर आणि डॅमेजपूर्वी त्याचा बळी द्यावा, त्याबद्दल मिळणारा लाभ पदरात पाडून घ्यावा, आणि ७/७ने आपल्याला एकही डॅमेज दिलेले नसेल. ब्लॉक करण्यापूर्वी बळी दिला असता तर सातच्या सात डॅमेज अंगावर आले असते. कृती तीच, पण स्टेप चुकली की सात लाइफचा फरक पडतो.

शिक्का उलट बाजूनेही तितकाच पक्का असतो. ब्लॉकर जाहीर झाल्यानंतर आपण ‘फ्लॅश’ असलेले (इन्स्टंटप्रमाणे केव्हाही उतरवता येणारे) क्रीचर उतरवले, किंवा टॅप झालेले क्रीचर अनटॅप केले, तरी ते आता कोणालाही ब्लॉक करू शकत नाही. असे क्रीचर अटॅकर जाहीर झाल्यानंतर पण ब्लॉकर जाहीर होण्यापूर्वी, म्हणजे अटॅकर जाहीर करण्याच्या स्टेपमध्येच, उतरवले पाहिजे. नुकत्याच उतरलेल्या क्रीचरला त्या टर्नमध्ये अटॅक करता येत नाही, हा नियम ब्लॉकला लागू नाही, त्यामुळे ते निःसंकोच पुढे करावे. आणि आपल्या प्रश्नातील ‘बोल्ट’चे योग्य स्थानही यातूनच कळते : जे ब्लॉक करील अशी भीती वाटते ते क्रीचर ब्लॉक जाहीर होण्यापूर्वी मारावे, नंतर नाही.

प्रश्न : काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा खेळू लागलो. एका अटॅकरला दोन क्रीचरनी ब्लॉक केले, तेव्हा मी त्यांचा क्रम लावू लागलो, तर समोरचा मुलगा म्हणाला की क्रम आता नसतो. तो मला फसवत तर नाही ना? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : नाही. ‘फाउंडेशन्स’ हा संच नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, त्यासोबत डॅमेजचा क्रम लावण्याचा नियम रद्द झाला. या एकाच बाबतीत खेळाने तीन वेगवेगळी वळणे घेतली आहेत, आणि प्रत्येक काळातील खेळाडू आपल्याच नियमाला खरा मानतो, म्हणून थोडे सविस्तर सांगणे योग्य ठरेल.

१९९९ ते २००९ या काळात लढाईचे डॅमेजही मंत्रांप्रमाणे स्टॅकवर, म्हणजे परिणाम होण्यापूर्वी थांबण्याच्या रांगेत, जात असे. कोणाला किती डॅमेज हे ठरल्यानंतर आणि ते प्रत्यक्ष बसण्यापूर्वी खेळाडूंना एक संधी मिळे. ‘मॉग फॅनॅटिक’ हे १/१ क्रीचर त्या काळी यासाठीच प्रसिद्ध होते : त्याने ब्लॉक करायचे, त्याचे १ डॅमेज स्टॅकवर ठेवायचे आणि मग त्याचा बळी देऊन आणखी १ डॅमेज हव्या त्याला द्यायचे. क्रीचर टेबलावर नसतानाही त्याचा फटका बसत असे, आणि नव्या खेळाडूला हे पटवून सांगताना जुन्यांच्या नाकी नऊ येत.

जुलै २००९ मध्ये ‘मॅजिक २०१०’ या संचाबरोबर ही पद्धत बंद झाली. डॅमेज ठरताच, मध्ये कोणालाही संधी न देता, एकाच वेळी बसू लागले. त्याबरोबर क्रमाचा नियम आला : एकाहून अधिक ब्लॉकर असतील तर अटॅक करणाऱ्याने ब्लॉक होताच त्यांचा क्रम सांगायचा, आणि पहिल्याला मारण्यापुरते डॅमेज दिल्याशिवाय दुसऱ्याला काहीही द्यायचे नाही. आपण शिकलात तो हाच नियम.

आता क्रम गेला. डॅमेजची वेळ आली की अटॅक करणारा आपले डॅमेज ब्लॉकरांमध्ये हवे तसे वाटतो. फरक किती मोठा आहे ते एका डावावरून दिसेल. आपण ५/५ने अटॅक केला आणि समोरच्याने दोन ३/३ क्रीचरनी ब्लॉक केले. त्यांना डावे आणि उजवे म्हणू. ब्लॉक झाल्यावर तो डाव्यावर ‘जायंट ग्रोथ’ खेळला, त्यामुळे डावे त्या टर्नपुरते ६/६ झाले. जुन्या नियमाने आपण डाव्याला पहिला क्रमांक दिलेला असेल तर आपण पुरते अडकलात : डाव्याला मारायला ६ हवेत, आपल्याकडे ५ आहेत, म्हणून पाचही डाव्यावरच जाणार, दोघांपैकी कोणीच मरणार नाही, आणि आपल्या ५/५ला ९ डॅमेज बसून ते मरेल. नव्या नियमाने आपले ५/५ मरेलच, पण आपण ३ डॅमेज उजव्याला आणि उरलेले २ डाव्याला देऊन उजव्याला सोबत नेऊ शकता. म्हणजे बदल अटॅक करणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे, आणि दोन क्रीचरनी मिळून ब्लॉक करण्यापूर्वी बचाव करणाऱ्याने आता अधिक विचार करावा लागतो.

आमचे मत विचाराल तर नवशिक्यांच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे, कारण क्रम लावण्याची आठवण बहुतेकांना डॅमेजच्या वेळीच होत असे आणि तोपर्यंत समोरच्याने आपला पत्ता खेळलेला असे. मात्र क्रम जाहीर झाल्यावर नेमक्या क्रीचरला वाढवून समोरच्याचा बेत उधळण्यातली मजा गेली, याचे जुन्या खेळाडूंना वाईट वाटणे आम्ही समजू शकतो.

प्रश्न : माझ्या ‘डबल स्ट्राइक’ (दोनदा डॅमेज देण्याची क्षमता) असलेल्या ३/३ला २/२ने ब्लॉक केले. पहिल्या फटक्यात ब्लॉकर मेला. दुसरा फटका खेळाडूला बसेल का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : ट्रॅम्पल नसेल तर बसणार नाही, पुण्याच्या वाचकांना दिलेलेच कारण येथे लागू आहे. आपला अटॅकर ब्लॉक झालेला आहे आणि दुसऱ्या फटक्याच्या वेळी त्याच्यासमोर कोणी नाही, इतकाच त्याचा अर्थ. ट्रॅम्पल असते तर पहिल्या फटक्यात २ ब्लॉकरला देऊन १ खेळाडूला, आणि दुसऱ्या फटक्यात पूर्ण ३ खेळाडूला, असे एकूण ४ डॅमेज पोचले असते.

लढाईत कोणाकडेही ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘डबल स्ट्राइक’ असेल तर डॅमेजच्या दोन स्टेप होतात, एरवी एकच. पहिल्या स्टेपमध्ये या दोन क्षमता असलेली क्रीचर डॅमेज देतात. दुसऱ्या स्टेपमध्ये उरलेली क्रीचर आणि पुन्हा डबल स्ट्राइकवाली. या दोहोंच्या मध्ये खेळाडूंना पत्ते खेळण्याची संधी असते, पण तेथे फर्स्ट स्ट्राइक देऊन काहीही साधत नाही : पहिल्या स्टेपमध्ये ज्याने डॅमेज दिलेले नाही ते क्रीचर, त्याला नंतर फर्स्ट स्ट्राइक मिळाली तरी, दुसऱ्या स्टेपमध्ये नेहमीप्रमाणे डॅमेज देतेच. तसेच फर्स्ट स्ट्राइकने एकदा फटका दिलेल्या क्रीचरची ती क्षमता मध्येच काढून घेतली, तर त्याला त्यामुळे दुसरा फटका मिळत नाही.

प्रश्न : ‘डेथटच’ आणि ‘ट्रॅम्पल’ एकाच क्रीचरला असतील तर? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ट्रॅम्पलचा नियम असा की ब्लॉकरला मारण्यापुरते डॅमेज दिल्यावर उरलेले खेळाडूकडे नेता येते, आणि डेथटच असलेल्या क्रीचरच्या बाबतीत मारण्यापुरते डॅमेज म्हणजे फक्त १. त्यामुळे अशा ५/५ला ४/६ने ब्लॉक केले तरी १ ब्लॉकरला आणि ४ खेळाडूला देता येतात. ब्लॉकर ‘इन्डिस्ट्रक्टिबल’ असला तरी वाटप हेच राहते, तो मरत मात्र नाही. ब्लॉकरला अटॅकरच्या रंगापासून ‘प्रोटेक्शन’ असेल तरीही वाटपाच्या हिशेबात ते धरत नाहीत : साध्या ट्रॅम्पलच्या हिरव्या ६/६ला हिरव्यापासून प्रोटेक्शन असलेल्या २/२ने अडवले, तर २ त्याला द्यावे लागतात, ते दोन निष्फळ ठरतात, आणि ४ पलीकडे जातात.

प्रश्न : माझे लाइफ २ उरले होते. समोरून दोन ३/३ आली. एकाला मी ‘लाइफलिंक’ (दिलेल्या डॅमेजइतके लाइफ मिळवून देणारी क्षमता) असलेल्या ३/३ने ब्लॉक केले, दुसरे मोकळे आले. मी हरलो का? त्याच गटात आम्ही ‘कमांडर’ (प्रत्येकाचे एक म्होरके क्रीचर, म्हणजे कमांडर, असते तो प्रकार) हाही खेळतो, कमांडरचे २१ डॅमेज कसे मोजायचे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपण हरला नाहीत. सर्व डॅमेज एकाच वेळी बसते आणि लाइफलिंकचा लाभही त्याच घटनेचा भाग असतो. हरजीत त्यानंतर तपासली जाते. त्यामुळे २ मधून ३ गेले, ३ मिळाले, आणि आपले लाइफ पुन्हा २ झाले. २००९ पूर्वी लाइफलिंकचा लाभ डॅमेजनंतर वेगळा मिळत असे आणि तेव्हा आपण तो हातात पडण्यापूर्वीच हरला असता.

‘कमांडर’ प्रकारात लाइफ ४० असते, पण एकाच कमांडरकडून संपूर्ण डावात मिळून लढाईचे २१ डॅमेज ज्याला बसले तो हरतो. हा हिशेब प्रत्येक कमांडरचा वेगळा ठेवावा लागतो, तो मंत्रांच्या डॅमेजने वाढत नाही, आणि नंतर कितीही लाइफ मिळवले तरी तो आकडा खाली येत नाही. चार जण खेळत असाल तर कागद-पेन्सिल जवळ असलेली बरी.

प्रश्न : माझ्या २/२ ‘ग्रिझली बेअर्स’वर मी ‘जायंट ग्रोथ’ खेळलो, ते ५/५ झाले, लढाईत त्याला ४ डॅमेज बसले आणि ते वाचले. टर्न संपताना वाढ गेल्यावर ते पुन्हा २/२ होईल, मग अंगावरच्या ४ डॅमेजने मरेल ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मरणार नाही. टर्नच्या अगदी शेवटी क्लीनअप नावाची स्टेप असते; तीत क्रीचरच्या अंगावरचे डॅमेज पुसले जाणे आणि ‘टर्न संपेपर्यंत’ असलेले परिणाम संपणे या दोन गोष्टी एकाच क्षणी होतात, त्यामुळे २/२ असताना अंगावर ४ डॅमेज, अशी स्थिती कधी येतच नाही. मात्र ही वाढ ‘जायंट ग्रोथ’ऐवजी त्या क्रीचरला जोडलेल्या ‘ऑरा’ या प्रकारच्या एखाद्या पत्त्यामुळे मिळालेली असेल, तर लढाईनंतरच्या दुसऱ्या मुख्य फेजमध्येही आपण निश्चिंत राहू नये, कारण प्रतिस्पर्ध्याने ती ऑरा त्याच टर्नमध्ये नष्ट केली तर डॅमेज अजून पुसलेले नसते आणि क्रीचर तत्काळ मरते.